नगरपालिकेची निवडणूक, अतिउजवा उमेदवार आणि युनियनचे काम

प्रश्न असा आहे : "मी मूळची नाशिकची. तीन वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडमधील एका शहरात परिचारिका म्हणून रुजू झाले आणि युनिसन या कामगार संघटनेची सभासद आहे. येत्या मे महिन्यात आमच्या शहराच्या कौन्सिलची, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेची, निवडणूक आहे. स्थलांतरितांना परत पाठवा म्हणणारा एक अतिउजवा पक्ष काही वॉर्डांत जोरात आहे आणि त्याच्याविरुद्ध प्रचार करायला आमच्या शाखेने सभासदांना बोलावले आहे. हे युनियनचे काम आहे का? भारतीय नागरिक असताना मी यात पडावे का? आणि दारोदार पत्रके वाटून खरोखर काही फरक पडतो का?"

मी पूर्व लंडनमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पंचवीसएक वर्षे काम केले आणि त्यातली बहुतेक वर्षे शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामाच्या जागेवरचा युनियनचा प्रतिनिधी, होतो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी आधी घेतो, कारण फरक कशाने पडतो हे एकदा नीट कळले की युनियनचे काम कोणते आणि त्यात तुमची जागा कोणती, हे ठरवणे सोपे जाते.

लंडनच्या पूर्वेला बार्किंग आणि डॅगनम नावाचा बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला विभाग, आहे. पहिल्या महायुद्धानंतर लंडन काउंटी कौन्सिलने तेथे बेकनट्री ही कामगारांची वसाहत बांधायला घेतली. १९२१ पासून पुढच्या चौदा-पंधरा वर्षांत सुमारे २७,००० घरे उभी राहिली आणि जगातील सर्वांत मोठी सरकारी वसाहत म्हणून तिचे नाव झाले. १९३१ साली शेजारीच फोर्डचा मोटारकारखाना सुरू झाला, आणि भरभराटीच्या काळात तेथे सुमारे ४०,००० माणसे कामाला होती. बाप फोर्डमध्ये, मुलगा फोर्डमध्ये, घर कौन्सिलचे, युनियनचे कार्ड खिशात आणि मत मजूर पक्षाला, असा तो सरळ हिशेब होता. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. घरे विकली गेली, पण त्यांच्या जागी नवी जवळजवळ बांधलीच गेली नाहीत. २००२ साली डॅगनममध्ये मोटारींची जुळणी बंद झाली आणि तेथे केवळ इंजिनांचे काम उरले. दरम्यान लंडनच्या मानाने घरे स्वस्त असल्यामुळे आफ्रिकी, दक्षिण आशियाई आणि पूर्व युरोपीय कुटुंबे या बरोमध्ये राहायला आली. ज्याचा मुलगा घराच्या प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे अडकला होता, त्याला शेजारच्या घरात नवे कुटुंब दिसत होते. ते घर दहा वर्षांपूर्वीच खाजगी मालकीचे होऊन भाड्याने लागले आहे, ही गोष्ट मात्र बाहेरून दिसत नव्हती.

या फटीत ब्रिटिश नॅशनल पार्टी हा अतिउजवा पक्ष शिरला. कौन्सिल आफ्रिकी कुटुंबांना ५०,००० पौंड देऊन येथे आणून वसवते, अशा अर्थाचे धादांत खोटे पत्रक त्यांनी वाटले. मे २००६ मध्ये ५१ जागांच्या या कौन्सिलमध्ये त्यांनी जेमतेम १३ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १२ निवडून आले. एका रात्रीत तो पक्ष मुख्य विरोधी पक्ष झाला. मतदानाच्या काही आठवडे आधी बार्किंगच्या मजूर पक्षाच्या खासदार मार्गारेट हॉज यांनी, दहांपैकी आठ गोऱ्या कुटुंबांना त्या पक्षाला मत देण्याचा मोह होतो आहे, असे जाहीरपणे म्हटले होते. त्यावरून युनियनवाल्यांनी त्यांच्यावर केलेली टीका मला अजून आठवते. हेतू काही असो, पण त्या विधानाने संकोचात असलेल्या माणसाची भीड मोडली, असे माझेही मत आहे.

चार वर्षांनी, ६ मे २०१० रोजी, सार्वत्रिक निवडणूक आणि कौन्सिलची निवडणूक एकाच दिवशी झाली. पक्षाचे नेते निक ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून खासदारकीला उभे होते. आदल्या वर्षी ते युरोपीय संसदेवर निवडून गेले होते, बीबीसीच्या गाजलेल्या चर्चेत बसले होते, आणि कौन्सिलच ताब्यात घ्यायची भाषा त्यांचे लोक करत होते. निकाल लागला तेव्हा त्यांचे बाराही नगरसेवक पडले होते, मजूर पक्षाला सगळ्या ५१ जागा मिळाल्या होत्या आणि ग्रिफिन तिसऱ्या क्रमांकावर होते.

येथपर्यंतची हकीगत पुष्कळ जण सांगतात. पुढचे आकडे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. २००५ च्या निवडणुकीत बार्किंग मतदारसंघात या पक्षाला ४,९१६ मते होती, म्हणजे १६.९ टक्के. २०१० मध्ये ग्रिफिन यांना ६,६२० मते पडली, म्हणजे १४.६ टक्के. मते घटली नाहीत, वाढली. घटला तो त्यांचा वाटा. हॉज यांची मते याच काळात १३,८२६ वरून २४,६२८ वर गेली. थोडक्यात, त्या पक्षाच्या मतदाराला समजावून परत आणणे आम्हाला जवळपास जमले नाही. जमले ते एवढेच की एरवी घरी बसणारी हजारो माणसे मतदान केंद्रापर्यंत आली. मतदारसंघाची हद्द मधल्या काळात थोडी बदलली होती आणि संसदेची निवडणूक त्याच दिवशी असल्यामुळे मतदान आपोआपच वाढणार होते, हेही मान्य करायला हवे. सगळे श्रेय आपल्या पत्रकांना देणारा कार्यकर्ता स्वतःची फसवणूक करतो.

हा एकच दाखला असता तर मी एवढ्या खात्रीने लिहिले नसते. पण त्याआधी टेम्स नदीच्या वळणातल्या आयल ऑफ डॉग्ज या बेटवजा भागातही हेच घडले होते. तेथील गोद्या १९८० पर्यंत बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे राहिले, परंतु गोदी कामगारांच्या मुलांना त्यात ना नोकऱ्या मिळाल्या ना घरे. हा भाग ज्यात येतो त्या टॉवर हॅम्लेट्स बरोची सत्ता तेव्हा लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे होती आणि घरवाटपात स्थानिकांच्या मुलामुलींना प्राधान्य देण्याचे धोरण तिने आणले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर भूमिपुत्रांना आधी घर. या धोरणाचा फटका प्रामुख्याने बांगलादेशी कुटुंबांना बसत होता. घरांचा प्रश्न वंशाच्या परिभाषेत मांडायला मुख्य प्रवाहातल्या पक्षांनीच अशी सुरुवात केल्यावर तीच गोष्ट अधिक उघडपणे बोलणारा आपले दुकान थाटणार, हे ओघाने आलेच. १६ सप्टेंबर १९९३ रोजी याच भागातील मिलवॉल वॉर्डच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टीचे डेरेक बीकन १,४८० मते मिळवून अवघ्या ७ मतांनी निवडून आले. तो त्या पक्षाचा पहिला नगरसेवक. मार्च १९९४ मध्ये ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने, म्हणजे टीयूसीने, पूर्व लंडनमधून वंशवादाविरुद्ध प्रचंड मोर्चा काढला, आणि मे महिन्यात बीकन पडले. पडले तेव्हा त्यांना २,०४१ मते होती. आधीपेक्षा साडेपाचशेहून अधिक मते मिळवून माणूस हरला, कारण वॉर्डातले मतदान दोन तृतीयांशाच्या घरात गेले होते.

म्हणून तुमच्या शाखेचे सचिव जेव्हा म्हणतील की, आपल्याला त्या पक्षाच्या मतदारांशी जाऊन वाद घालायचा आहे, तेव्हा त्यांना नम्रपणे विचारा की आपले सभासद कोणत्या वॉर्डांत राहतात याची यादी तयार आहे का. नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान बहुधा तीस-चाळीस टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. वॉर्डाचा निकाल कधी शंभर-दोनशे मतांनी, तर कधी मिलवॉलसारखा सात मतांनी लागतो. एका मोठ्या रुग्णालयात काही हजार माणसे काम करतात. परिचारिका, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातल्या बायका, सफाई कामगार, क्लार्क अशी ही माणसे त्याच शहरात राहतात आणि रात्रपाळी करून आल्यावर मतदानाला न जाणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट युनियनकडे आहे आणि राजकीय पक्षाकडे नाही. दारावर आलेल्या अनोळखी पक्षकार्यकर्त्याला लोक दोन मिनिटांत वाटेला लावतात. पण गेल्या वर्षी रजेच्या भांडणात जिने आपली बाजू घेतली त्या स्टुअर्डचा फोन आला, की माणूस ऐकून घेतो. २०१० मध्ये मी स्वतः जे काम केले त्यातले सर्वांत उपयोगी कोणते, असे विचाराल तर ते बार्किंगच्या रस्त्यांवर पत्रके टाकण्याचे नव्हते. त्या बरोमध्ये राहणाऱ्या आमच्या रुग्णालयातील सभासदांना एकेक करून फोन करण्याचे आणि ज्यांची पाळी आडवी येत होती त्यांच्याकडून टपाली मतदानाचे अर्ज वेळेत भरून घेण्याचे ते काम होते. ते कंटाळवाणे असते आणि त्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून शाखा ते टाळतात.

पत्रकात काय लिहावे, यावर त्या काळात आमच्यातच दोन तट होते. एक गट म्हणायचा की हे नाझी आहेत, एवढे ठणकावून सांगितले की पुरे. दुसरा, विशेषतः सर्चलाइट या फॅसिझमविरोधी नियतकालिकाच्या मंडळींनी २००४ मध्ये सुरू केलेल्या होप नॉट हेट या मोहिमेचा गट, म्हणायचा की प्रत्येक वस्तीचे पत्रक वेगळे हवे. अनेक मोठ्या युनियनांनी या मोहिमेला पैसा आणि माणसे दिली. बार्किंगमध्ये स्त्रियांसाठी, निवृत्तांसाठी, चर्चला जाणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांसाठी वेगवेगळा मजकूर तयार होत असे, आणि त्यात हिटलरपेक्षा या नगरसेवकांनी चार वर्षांत सभागृहात काय केले आणि काय केले नाही याची चर्चा अधिक असे. अनुभवाने मी दुसऱ्या बाजूचा झालो. एका दुपारी बेकनट्रीत एका आजोबांनी दार उघडले, पत्रकावरचा 'नाझी' हा शब्द वाचला आणि शांतपणे म्हणाले की, मी चव्वेचाळीस साली नॉर्मंडीत होतो, नाझी म्हणजे काय हे तू मला शिकवू नकोस. माझ्या नातीला घर कधी मिळेल ते सांग. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पुढच्या वेळी मी घरांच्या यादीची माहिती घेऊनच बाहेर पडलो. किती घरे विकली गेली, किती बांधली आणि यादीत क्रम कसा लागतो, हे सांगता येऊ लागल्यावर दारे जरा अधिक वेळ उघडी राहू लागली. सगळ्यांची मते बदलली असे मुळीच नाही, पण शेजारच्या आफ्रिकी बाईला कोणी पन्नास हजार पौंड दिलेले नाहीत, एवढे तरी काही जणांना पटत असे.

आता तुमचा पहिला प्रश्न, हे युनियनचे काम आहे का. याचे नैतिक उत्तर द्यायला मी जरा कचरतो, कारण या बाबतीत ब्रिटिश युनियनांचा इतिहास स्वच्छ नाही. एप्रिल १९६८ मध्ये हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले, तेव्हा लंडनच्या गोदी कामगारांनी काम टाकून पार्लमेंटवर मोर्चा नेला; तो पॉवेल यांच्या समर्थनार्थ होता, आणि ही सगळी युनियनची पक्की माणसे होती. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी त्यांना पाठिंबा नाकारला, आणि दोन वर्षांनी त्याच शहराच्या कौन्सिल निवडणुकीत नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने सुमारे १८ टक्के मते घेतली. दुसरीकडे, जुलै १९७७ मध्ये जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली लंडनच्या ग्रनविक कारखान्यात चाललेल्या आशियाई स्त्रियांच्या संपाला पाठिंबा द्यायला त्याच लंडनच्या रॉयल डॉक्स या गोद्यांचे शॉप स्टुअर्ड आपला फलक घेऊन आले. नऊ वर्षांत जे बदलले ते भाषणांनी बदलले नव्हते. कारखान्याकारखान्यांत चिकाटीने काम करणारे स्टुअर्ड होते, आणि वेळ आली तेव्हा आशियाई कामगार आपल्यापेक्षा अधिक खंबीरपणे लढतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

युनियनचे कार्ड म्हणजे युनियनच्या बाजूचे मत नव्हे, हे मला लंडनमध्ये शिकावे लागले नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर १९७० मध्ये परळला झालेल्या विधानसभेच्या पोटनिवडणुकीत लाल बावट्याला वर्गणी देणाऱ्या कितीतरी गिरणी कामगारांनी मत दुसरीकडे टाकले, ही गोष्ट आमच्या चाळीत पुढे वर्षानुवर्षे चघळली जात असे. पगारवाढीसाठी एक झेंडा आणि मुलाच्या नोकरीसाठी दुसरा, असे कामगाराचे दोन हिशेब असतात. युनियनने फक्त पहिला हिशेब सांभाळला की दुसरा कोणीतरी उचलतो. म्हणून माझे उत्तर व्यवहाराचे आहे. ज्या शाखेत तुमच्यासारख्या परदेशातून आलेल्या परिचारिका, कॅरिबियन सफाई कामगार आणि स्थानिक गोरे पोर्टर एकत्र सभासद आहेत, त्या शाखेतील निम्म्या सभासदांना देशाबाहेर काढा म्हणणारा पक्ष शहरात सत्तेवर येणे, हा शाखेच्या एकजुटीचा म्हणजेच उद्याच्या पगाराच्या वाटाघाटींचा प्रश्न आहे. शिवाय कौन्सिल स्वतः मोठी मालक असते. शाळा, वृद्धांची देखभाल, कचरा, ग्रंथालये यांतल्या नोकऱ्या आणि कंत्राटे तिच्या हातात असतात.

शाखेतच त्या पक्षाला मत देणारे सभासद असतील, असतातच. तेथे पदाधिकाऱ्यांचा हात आखडतो किंवा जिभेचा तोल जातो, आणि दोन्ही वाईट. मत देणारा आणि त्या पक्षाचा कार्यकर्ता यांत फरक करावा. इंजिनचालकांच्या ॲस्लेफ या युनियनने २००२ मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या एका सक्रिय कार्यकर्त्याला, जो कौन्सिलच्या निवडणुकीत उमेदवारही होता, सभासदत्वावरून काढले. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यानुसार राजकीय पक्षाच्या सभासदत्वावरून असे काढता येत नव्हते, त्यामुळे रोजगार न्यायाधिकरणात युनियनला माघार घ्यावी लागली. पण युनियन युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली आणि २७ फेब्रुवारी २००७ रोजी त्या न्यायालयाने निकाल दिला की, आपल्या मूल्यांच्या विरुद्ध असलेल्यांना सोबत न घेण्याचे स्वातंत्र्य हाही संघटना स्वातंत्र्याचा भाग आहे. पुढे कायद्यातही त्यानुसार दुरुस्ती झाली. हा निकाल फार महत्त्वाचा आहे, पण तो केवळ मत देणाऱ्या साध्या सभासदावर उगारण्याचे हत्यार नाही. २००५ च्या सुमारास या अतिउजव्या मंडळींनी पोलंडच्या विख्यात कामगार चळवळीचे नाव उसने घेऊन 'सॉलिडॅरिटी' नावाची स्वतःची युनियन काढली, हेही लक्षात ठेवा. तिचा पसारा कधीच वाढला नाही, पण आपण हाकलून दिलेल्या माणसाला पकडायला ती उभी होती. २००९ च्या जानेवारीत लिंकनशरमधील लिंडसी तेलशुद्धीकरण कारखान्यात बाहेरून आणलेल्या इटालियन कामगारांवरून संप पेटला, तेव्हा 'ब्रिटिश कामगारांना ब्रिटिश नोकऱ्या' असे फलक झळकले आणि अतिउजवे तेथे घुसू पाहत होते. संपसमितीतल्या जाणत्या स्टुअर्डांनी मागण्यांची भाषा बदलून स्थलांतरित कामगारांनाही युनियनमध्ये घेण्याची आणि सर्वांना राष्ट्रीय कराराचेच वेतन देण्याची मागणी पुढे आणली, म्हणून तो लढा त्यांच्या हाती गेला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शाखेने तीन गोष्टी तपासल्याखेरीज एक पेनीही खर्च करू नये. पहिली म्हणजे पैसा कोणत्या खात्यातला. एखाद्या पक्षाला मत द्या किंवा देऊ नका असे सांगणारे साहित्य युनियनला फक्त राजकीय निधीतूनच काढता येते, आणि असा निधी ठेवायला सभासदांची मतदानाने मंजुरी लागते. १९८४ च्या कायद्यानुसार हे मतदान दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावे लागत असे. नाल्गो या युनिसनच्या पूर्वज संघटनेकडे असा निधी नव्हता. १९८७ च्या निवडणुकीच्या तोंडावर सार्वजनिक सेवांच्या बाजूने काढलेली तिची साधी वाटणारी पत्रके न्यायालयाने बेकायदा ठरवली, आणि त्यानंतर सभासदांनी भरघोस मतांनी निधीला मंजुरी दिली. दुसरी गोष्ट खर्चाच्या मर्यादेची. कौन्सिल निवडणुकीत विशिष्ट उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध बाहेरच्या संघटनेला करता येणारा खर्च फार थोडा आहे : ५० पौंड अधिक प्रत्येक मतदारामागे अर्धा पेनी. आठ हजार मतदारांच्या वॉर्डात हे ९० पौंड होतात, म्हणजे धड छपाईसुद्धा भागत नाही. उमेदवाराचे नाव न घेता सभासदांना मतदान करा म्हणणारे, किंवा वंशवादाविरुद्धचे सर्वसाधारण पत्रक वेगळ्या नियमांत बसते. कोणते कशात बसते हे शाखेच्या खजिनदाराने नव्हे, तर प्रादेशिक कार्यालयातल्या जाणकाराने लेखी कळवावे. तिसरी गोष्ट पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापण्याची. ही हास्यास्पद बाब वाटेल. पण एका शाखेने (तिचे नाव नको) चार हजार पत्रके या एका ओळीवाचून छापली आणि आम्ही सात जणांनी एक अख्खी रात्र जागून प्रत्येकावर रबरी शिक्का मारला. एवढे करून निम्मी पत्रके शाई न वाळल्यामुळे एकमेकांना चिकटली.

राहिला तुमचा मधला प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. तुम्ही भारतीय नागरिक आहात, आणि भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे वैध वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला ब्रिटनमध्ये मतदानाचा पूर्ण हक्क आहे, कौन्सिलच्याच नव्हे तर पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. आपल्या मराठी मंडळींत हे माहीत नसलेले लोक मला दर निवडणुकीत भेटतात. लंडनला दहा-दहा वर्षे राहिलेल्या सुशिक्षित माणसांनी 'आम्हाला कुठे मत असते?' असे विचारले आहे. तेव्हा प्रचार हा तुमचा रीतसर अधिकार आहे. कौन्सिलमधील काही वरिष्ठ आणि संवेदनशील पदांवरच्या नोकरांना १९८९ च्या कायद्याने पक्षीय प्रचारास मनाई आहे. रुग्णालयातील परिचारिकेला ती लागू नाही, मात्र गणवेशात, कामाच्या वेळेत किंवा रुग्णाशी बोलताना प्रचाराचा शब्द काढू नये, आणि रुग्णालयाचे नाव, ईमेल अथवा ओळखपत्र त्यासाठी वापरू नये. समाजमाध्यमांवर रागाच्या भरात लिहिलेले एक वाक्य तुमच्या परिचारिका नोंदणीपर्यंत जाऊ शकते, म्हणून तेथे शाखेच्या नावाने जे प्रसिद्ध होईल तेवढेच पुढे पाठवावे.

पण हक्क आहे म्हणून तुम्ही दारोदार जावेच, असे मी म्हणणार नाही. ज्या वॉर्डात तो पक्ष जोरात आहे तेथील रस्त्यावर सावळ्या रंगाची, परक्या उच्चाराची स्त्री एकटी पाठवणारी शाखा बेजबाबदार आहे. आमच्या वेळी २०१० च्या मतदानाच्या आदल्या दिवशी बार्किंगमध्ये त्या पक्षाचा एक प्रमुख संघटक आशियाई तरुणांशी भर रस्त्यात मारामारी करताना कॅमेऱ्यात सापडला होता. जोडीने जाणे, अंधार पडण्याआधी परतणे, कोण कोणत्या गल्लीत आहे याची नोंद एकाने ठेवणे आणि वाद वाढू लागला की पत्रक हातात देऊन निघणे, एवढे नियम शाखेने लेखी द्यावेत. ते नसतील तर तुम्ही नाही म्हणा. त्यात भित्रेपणा काही नाही. गोऱ्या सभासदांनी गोऱ्या वस्तीत जाणे हे त्यांचे काम आहे, आणि पुष्कळदा तेच टाळून ते आपल्याला पुढे करतात. शाखेची विविधता दिसावी म्हणून छायाचित्रासाठी आपल्याला पुढच्या रांगेत उभे करणारे आणि नियोजनाच्या बैठकीला न बोलावणारे पदाधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा जायचे तर आधी बैठकीला जागा मागून घ्या.

तुमच्या हातून होण्यासारखे मोठे काम दुसरेच आहे. तुमच्यासोबत केरळ, महाराष्ट्र, फिलिपिन्स, नायजेरिया येथून आलेल्या परिचारिकांपैकी भारत आणि नायजेरिया राष्ट्रकुलात आहेत, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकींना मत आहे आणि बहुधा त्यांची नावे यादीत नाहीत. फिलिपिनो मैत्रिणींना मात्र ब्रिटिश नागरिकत्व मिळेपर्यंत मत नाही, तेव्हा त्यांना चुकीचे सांगू नका. नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या बारा कामाचे दिवस आधी संपते, टपाली मतासाठीचा अर्ज त्यानंतरच्या कामाच्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत पोचावा लागतो. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात, चहाच्या खोलीत, फोनवर अर्ज उघडून राष्ट्रीय विमा क्रमांक घालून पाच मिनिटांत नाव नोंदवता येते. सुरुवात करायची तर आज रात्री स्वतःचे नाव यादीत आहे का, ते आधी पाहा. आणि कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयात उद्या सकाळी फोन करणार असाल तर घराचा पिनकोड आणि पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे सांगा, कारण आपली तीन पदरी नावे नोंदवताना तेथे नेहमी घोळ होतो.